ठाण्याहून नेरळ-माथेरान, एका दिवसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात आमच्या नौपाड्यातल्या इमारतीतली चार-पाच घरं, त्यांची मुलं आणि जमतील तेवढे आजी-आजोबा असे आम्ही मिळून नेरळला जातो. माथेरानची छोटी गाडी धरतो आणि रात्रीच्या जेवणाला ठाण्यात परत येतो. माझे बाबा भुसावळच्या लोको शेडमध्ये वाफेच्या इंजिनावर फायरमन, म्हणजे इंजिनाच्या आगीत कोळसा घालणारे, होते, त्यामुळे मुलांना इंजिन समजावून सांगायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. दिवाळी उलटली की फोन सुरू होतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून काढली.

वाफेचं इंजिन चालताना बघायला मिळेल का?

नाही. हे पहिलंच उत्तर आणि हे मुलांनाही घरून निघण्याआधी सांगा. माथेरानची गाडी आज डिझेलवर चालते. मूळची वाफेची इंजिनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कामावरून उतरवली गेली. नेरळला जे वाफेचं इंजिन दिसतं ते जपून ठेवलेलं आहे, उभं आहे, त्याच्या पोटात आग नाही.

एका वर्षी एका घराने पोराला 'धूर सोडणारी गाडी दाखवतो' असं सांगून आणलं होतं. पाच वर्षांचं ते पोर अख्खा घाटभर विचारत राहिलं, "धूर कधी येणार?" बाहेर दरी होती, माकडं होती, वळणावर आपल्याच गाडीची शेपटी दिसत होती. त्याला त्यातलं काहीच दिसलं नाही. जे दिसणार आहे तेवढंच कबूल करा. तेवढं भरपूर आहे.

मग उभं इंजिन बघायला इतक्या लांब कशाला जायचं?

उभं आहे म्हणून. चालत्या इंजिनाच्या इतक्या जवळ मुलांना कुणी फिरकू दिलं नसतं.

ही माथेरानच्या मार्गाची मूळ इंजिनं. जर्मनीतल्या ओरेन्स्टाइन अँड कॉपेल कंपनीने बनवलेली, मार्ग सुरू होताना म्हणजे १९०७ च्या आगेमागे आलेली. अशी चार होती. त्यांतलं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक थेट इंग्लंडात जपलंय आणि एक आपल्या नेरळला.

गाडीच्या वेळेआधी निदान अर्धा तास या इंजिनासाठी राखून ठेवा. गेल्या गेल्या माहिती सांगायला सुरुवात करू नका. मुलांना आधी त्याच्याभोवती एक फेरी मारू द्या. मग विचारा, याचं पाणी कुठे भरत असतील? मोठ्या इंजिनाच्या मागे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा असतो, त्याला टेंडर म्हणतात. इथे टेंडर नाही. थोडा वेळ शोधतात, मग कुणीतरी बॉयलरच्या दोन्ही बाजूंच्या लांबट पेट्यांकडे बोट दाखवतं. त्याच पाण्याच्या टाक्या. पुढचा प्रश्न, चाकं किती? सहा. सहाही दांड्यांनी एकमेकांना जोडलेली. का जोडली असतील? एखादं चाक ओल्या रुळावर घसरायला लागलं तर बाकीची त्याला सावरतात, आणि इंजिनाचं सगळं वजन ओढायच्या कामी येतं. चढावर तेच लागतं.

मोठ्यांसाठी एक विनंती. फोटो शेवटी काढा. आधी फोटो काढले की मुलांना वाटतं, झालं बघून.

'छुकछुक' आवाज नेमका कुठून येतो?

या एका प्रश्नावर मी मुलांजवळ सगळ्यात जास्त वेळ घालवते, तेव्हा इथेही घालवते.

कोळसा जळतो ती पेटी म्हणजे फायरबॉक्स. तिथल्या तापलेल्या हवेला थेट बाहेर जाता येत नाही. तिला बॉयलरमधल्या कितीतरी नळ्यांमधून जावं लागतं आणि त्या नळ्यांभोवती पाणी असतं. पाणी उकळतं, वाफ होते, पण तिला पसरायला जागा नसते, म्हणून दाब वाढत जातो. ड्रायव्हरने हातातला दांडा ओढला की ही दाबलेली वाफ सिलिंडरमध्ये शिरते आणि दट्ट्याला ढकलते. दट्ट्याला जोडलेली दांडी चाक फिरवते.

आता वापरून झालेल्या वाफेचं काय करायचं? ती सिलिंडरमधून निघते आणि चिमणीच्या खालून जोरात वर फेकली जाते. तीच 'छुक'. डाव्या-उजव्या बाजूला एकेक सिलिंडर, प्रत्येकात दट्ट्या एकदा पुढे ढकलला जातो आणि एकदा मागे. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा 'छुक' होतं. मुलांना चार टाळ्या आणि एक फेरी असं करून दाखवा, लगेच कळतं.

आणि यातली खरी कमाल पुढे आहे. चिमणीतून वाफ जोरात बाहेर पडते तेव्हा ती आपल्यासोबत धूरही ओढून नेते, त्यामुळे फायरबॉक्समध्ये खालून ताजी हवा खेचली जाते आणि आग भडकते. म्हणजे इंजिन जितकं जास्त ओढेल तितकी आग जास्त पेटेल, जितकी आग पेटेल तितकी वाफ जास्त. चढ लागला की इंजिन आपलं आपण फुंकर मारून घेतं. बाबा मला हे सांगायचे तेव्हा चुलीजवळ बसून फुंकणीने दाखवायचे.

घरी कुकर आहे ना? मग अर्धं इंजिन ओट्यावरच आहे. कुकरची शिट्टी म्हणजे जादा दाब बाहेर सोडणारी झडप, तशी इंजिनावरही असते. कुकरच्या झाकणावर एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी आटून कुकर नुसता तापला की त्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफ निघून जाते. अगदी हेच फायरबॉक्सच्या छतात असतं, त्याला शेडमध्ये लेड प्लग म्हणत. बॉयलरचं पाणी फायरबॉक्सच्या छताखाली उतरलं की शिसं वितळायचं आणि वाफ आगीवर यायची. इंजिन वाचायचं, पण फायरमनची मान खाली जायची, कारण पाण्यावर नजर ठेवणं त्याचं काम. बाबांच्या तोंडून मी 'प्लग' हा शब्द कधी मोठ्या आवाजात ऐकला नाही. घरी पाहुणे असले, गप्पा रंगल्या असल्या तरी दर पाच-सात मिनिटांनी त्यांची नजर एकदा समोरच्या भिंतीवर जायची. ती बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे दाखवणाऱ्या काचेच्या नळीकडे बघायची सवय होती. निवृत्तीनंतरही गेली नाही.

काळा धूर भकाभका निघाला म्हणजे इंजिन जोरात आहे, असंच ना?

उलट. दाट काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा आभाळात जातोय. चांगल्या फायरमनच्या इंजिनाचा धूर फिका, राखाडी असायचा. थोडा थोडा कोळसा, पण वेळेवर आणि पेटीच्या चारही कोपऱ्यांत सारखा पसरलेला.

सुरुवात ठाणे स्टेशनापासून करा, असं तुम्ही का म्हणता?

कारण आपण रोज ज्या फलाटावर धक्के खातो तिथे देशातली पहिली प्रवासी गाडी येऊन थांबली होती, आणि आपल्याच मुलांना ते ठाऊक नसतं.

शनिवार, १६ एप्रिल १८५३. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, निघताना २१ तोफांची सलामी. पुढे तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान. ३४ किलोमीटर अंतर तोडून गाडी ठाण्याला आली. इथे तंबू ठोकून पाहुण्यांच्या खाण्यापिण्याची सोय केली होती. रेल्वे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. मुंबईत रेल्वे यावी म्हणून जी मंडळी पुढे झाली त्यांत नाना शंकरशेठ अग्रभागी होते. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, खाडी ओलांडून गाडी कल्याणपर्यंत गेली आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत. आपण नेरळला जातो तो हाच रस्ता.

म्हणून आम्ही लोकल यायच्या आधी दहा मिनिटं फलाटावर उभं राहून मुलांना एवढंच सांगतो. मग कळव्याच्या खाडीवरून गाडी जाते तेव्हा कुणी ना कुणी विचारतं, "तेव्हा पण इथूनच गेली?" पुढे मुंब्र्याचा डोंगर लागतो. त्या डोंगरातला पारसिकचा बोगदा १९१६ चा आहे, लांबी सुमारे १.३ किलोमीटर.

ठाण्याहून आणि नवी मुंबईहून कसं जायचं?

ठाण्याहून कर्जत किंवा खोपोली लोकल. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ. सव्वा तासाच्या आसपास धरा. सकाळी सहाच्या सुमाराची गाडी घेतली तर बसायला जागा मिळते आणि नेरळला रांगेत पुढे राहता येतं. बदलापूर लोकल चुकून पकडू नका, ती बदलापूरलाच संपते.

वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेल इथून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला या आणि इथून कर्जत गाडी धरा. मधल्या पुलावर गर्दी असते, लहान मुलं असतील तर गाडी बदलायला निदान पंधरा मिनिटं ठेवा. गाडी चालवत जायचं म्हटलं तर जाता येतं, पण मग रेल्वेचा दिवस कसला?

कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वारी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचं स्टेशन) हा घाटातला भाग बंद असतो. दरडी कोसळतात, माती वाहून जाते. २६ जुलै २००५ च्या पावसात तर मार्गाची इतकी वाताहत झाली की गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. त्यानंतरही अपघात आणि पावसामुळे ती मधून मधून बंद पडली. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ च्या ऑक्टोबरात नेरळहून पुन्हा धावली, तेव्हा आमच्या इमारतीत पेढे वाटले होते.

वार म्हणाल तर शनिवार, आणि त्याहून चांगला मधला एखादा दिवस, शाळेला सुट्टी असेल तेव्हा. रविवारी मेगाब्लॉक बघितल्याशिवाय निघू नका. एकदा मी वेळापत्रक न बघता सगळ्यांना रविवारी पहाटे फलाटावर उभं केलं. ब्लॉक होता. लोकल मिळाली ती उशिरा, आणि नेरळला पोहोचलो तेव्हा छोटी गाडी सुटून गेली होती. अकरा मुलांना समजावत परत आणलं. तेव्हापासून आदल्या रात्री दोनदा खात्री करते.

छोट्या गाडीचं तिकीट कसं काढायचं?

मी दर वेळी नेरळला खिडकीवर रांग लावूनच काढलंय. डबे लहान, जागा मोजक्या, गाड्या दिवसाला थोड्याच. म्हणून एक जण पुढच्या लोकलने जाऊन रांगेत उभा राहतो आणि बाकीचे मागून येतात. भाडं आणि वेळा बदलत राहतात, निघायच्या आठवड्यातच पाहून घ्या.

तिकीट मिळालं नाही तर दिवस वाया?

मुळीच नाही. नेरळ स्टेशनाबाहेरून दस्तुरी नाक्यापर्यंत शेअर टॅक्सी मिळते. दस्तुरीच्या पुढे मोटारींना बंदी आहे. तिथून जवळच अमन लॉज स्टेशन. अमन लॉज ते माथेरान शटल दिवसातून बऱ्याच वेळा धावते आणि पावसाळ्यातही चालू असते. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर, पण तीच गाडी, तेच रूळ. अगदी लहान मुलं असतील तर मी स्वतः हाच मार्ग सुचवते.

जाता-येता दोन्ही वेळा गाडीनेच जावं का?

माझ्या मते नको. वर जायला अडीच तासांच्या वर लागतात. जाताना सगळे ताजेतवाने असतात, खिडकी सोडत नाहीत. परतताना तेच अडीच तास मुलांना जड होतात. आम्ही वर जाताना नेरळपासून गाडी आणि परतताना शटल अधिक टॅक्सी असं करतो. ज्यांना रेल्वेचं फारच वेड आहे त्यांनी दोन्ही वेळा गाडी घ्यावी. त्यांना कंटाळा येत नाही, मला माहीत आहे.

वाटेत काय काय बघायचं?

स्टेशनं क्रमाने नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान. वॉटर पाइप हे नाव मुलांना विचित्र वाटतं. वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी प्यावं लागायचं, हे एकदा सांगितलं की ते नाव कुणी विसरत नाही.

नेरळला दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात, त्या आवर्जून दाखवा. लोकलचे रूळ आणि छोट्या गाडीचे रूळ. लोकलच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे पाच फूट सहा इंच. माथेरानचं ६१० मिलिमीटर, फक्त दोन फूट. शाळेची ३० सेंटिमीटरची पट्टी दोनदा ठेवली की संपलं. पट्टी दप्तरातून बरोबर आणा, पण रुळावर उतरून मापू नका. फलाटाच्या फरशीवर खडूने दोन्ही अंतरं आखा आणि मुलांना त्यात झोपवून बघा. मोठ्या अंतरात सहावीतलं पोर आडवं मावतं. छोट्यात त्याचे गुडघेही मावत नाहीत.

घाट चढताना डोंगर कधी डावीकडे, कधी उजवीकडे. सरळ चढता येत नाही तिथे रूळ घोड्याच्या नालासारखे वळवले आहेत. नाहीतर गाडीला थांबून उलट दिशेने ढकलत न्यावं लागलं असतं. नालाच्या वळणावर खिडकीतून डोकं बाहेर न काढता मागचे डबे दिसतात. मार्गावर बोगदा एकच, तोही इतका छोटा की त्याचं नावच 'वन किस टनेल' पडलंय. अंधार होतो न होतो तोच उजेड.

गाडी इतकी हळू का चालते?

चढ आणि वळणं. काही ठिकाणी चढ वीसला एक आहे, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. साध्या रेल्वेसाठी हा फार मोठा चढ. वळणं तर अशी की साधं इंजिन अडकून बसावं. वेग ताशी १२ ते २० किलोमीटरच ठेवावा लागतो.

जुन्या इंजिनात यावर एक सुंदर युक्ती होती आणि नेरळच्या इंजिनाजवळ उभं राहून ती समजावता येते. सहा चाकं म्हणजे तीन आस, समोरासमोरची दोन चाकं जोडणारे दांडे. तिन्ही आस ताठ असतील तर तीव्र वळणावर पुढची-मागची चाकं रुळाला घासतील किंवा रूळ सोडतील. म्हणून पुढचा आणि मागचा आस दुहेरी केला. आत भरीव दांडा, त्याच्यावर पोकळ नळी, आणि दोन्ही मधोमध गोलाकार सांध्याने जोडलेले. आतला दांडा चौकटीत पक्का राहतो आणि फिरतो. बाहेरची नळी, जिच्यावर चाकं असतात, तीही त्याच्यासोबत फिरते, पण वळण आलं की थोडी तिरकी होते, थोडी बाजूला सरकते. या रचनेला क्लिएन-लिंडनर म्हणतात. बांगडीत मनगट कसं फिरतं ते मुलींना दाखवा. बांगडी सैल असते म्हणून हात वळतो. अगदी तसंच नाही, पण कल्पना येते.

हा मार्ग बांधला कुणी?

अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. सरकारने नाही, एका मुंबईकर घराण्याने. काम १९०४ मध्ये सुरू झालं, १९०७ मध्ये गाडी धावली, खर्च सुमारे १६ लाख रुपये. लांबी सुमारे २० किलोमीटर. आज हा मार्ग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. मला मनापासून वाटतं की तो मुख्य यादीत जावा.

माथेरानचा ठाण्याशी काही संबंध आहे का, की फक्त आपण तिथून निघतो?

आहे. १८५० च्या मे महिन्यात ज्या इंग्रज अधिकाऱ्याने माथेरानचा डोंगर चढून तो थंड हवेसाठी निवडला, ते ह्यू मॅलेट ठाण्याचे कलेक्टर होते. डोंगरावर आदिवासींचे पाडे त्याआधीपासूनच होते, हेही मुलांना सांगावं.

आजीचे गुडघे दुखतात. तिला जमेल?

छोट्या गाडीत चढायला पायरी आहे, एकाने हात दिला तर जमतं. आसन अरुंद, पाय लांब करता येत नाहीत, म्हणून अडीच तासांपेक्षा शटल बरी. माथेरान स्टेशन बाजारातच आहे, उतरल्यावर बसायला जागा सापडते. घोडे आहेत, ई-रिक्षाही धावू लागल्या आहेत. आजीने सगळे पॉइंट पाहिलेच पाहिजेत असं नाही. आमच्या शेजारच्या आजी दर वर्षी येतात, स्टेशनाच्या बाकावर बसून गाडी येताना-जाताना बघतात आणि म्हणतात, "माझं झालं माथेरान."

तान्हं बाळ आणावं का?

वर्षाच्या आतलं असेल तर यंदा नको. त्याच्या वरचं असेल तर आणा, पण गाडीत पाळणा किंवा बाबागाडी ठेवायला जागा नाही, झोळी किंवा पाठीवरची पिशवी चालते. गाडीत स्वच्छतागृह नाही, नेरळलाच सगळं उरकून घ्या. वळणांनी काही मुलांना मळमळतं. आवळा सुपारी खिशात ठेवा आणि निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नका.

खायला काय न्यावं?

पोळी-भाजीचा रोल, दशम्या, चिवडा, लाडू. पाण्याच्या बाटल्या जास्त. नेरळला गरम वडापाव मिळतो, माथेरानला चिक्की. माकडांपासून जपा. हातात पिशवी दिसली की ती ओढतात, खायला दिलं तर पाठ सोडत नाहीत. खाणं बंद डब्यातच ठेवा आणि कचरा परत आणा.

त्याच दिवशी रेल्वेचं म्युझियमही जमेल का?

नाही, ते वेगळ्या दिवशी करा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या मुख्य इमारतीत हेरिटेज म्युझियम आहे. ते कामाच्या दिवशी दुपारी उघडं असतं, वेळ आधी विचारून घ्या. इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची, बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं, २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. रोज तिच्यातून धावत लोकल गाठणाऱ्या आई-बाबांनाही आत शिरून वरचा घुमट बघितल्याचं आठवत नाही. मुलांपेक्षा त्यांच्यासाठी ही फेरी जास्त.

स्टेशनाच्या आवारात मोकळ्यावर जुनी इंजिनंही मांडली आहेत. त्यांत 'सर लेस्ली विल्सन' नावाचं विजेचं इंजिन आहे, १९२८ चं. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईहून कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची लोकल धावली, त्या काळाशी नातं सांगणारं. नेरळच्या वाफेच्या इंजिनानंतर महिन्याभरात हे दाखवलं तर मुलं आपणहून तुलना करतात. चिमणी कुठे गेली? मग ओढतं कोण?

ऐन वेळी माथेरानची गाडीच बंद निघाली तर?

घाटाची रेल्वे आहे, असं होऊ शकतं. दस्तुरीचा मार्ग वर सांगितलाय. तोही नको वाटला तर वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये जा. तिथे बाहेरच्या बागेत जुनं वाफेचं इंजिन आणि जुनी ट्राम आहे, आत हात लावून करून बघायचे प्रयोग.

चालतं वाफेचं इंजिन बघायचंच असेल तर?

मग लांब जावं लागेल. तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरी रेल्वेवर आणि दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेवर वाफेची इंजिनं अजून गाड्या ओढतात. हरियाणात रेवाडीला जुनं स्टीम शेड जपलंय. १८५५ चं फेअरी क्वीन नावाचं वाफेचं इंजिनही त्या परिसराशी जोडलेलं आहे. आधी नेरळचं उभं इंजिन नीट समजून घ्या, मग तिकडे जा. तिथे आग, पाणी, शिट्टी एकदम सगळं अंगावर येतं आणि काय बघायचं ते कळेनासं होतं.

मुलांना इंजिनावर चढू द्यावं का?

नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आहे आणि ती एकदा तुटली की तसा भाग आता कुठे बनत नाही. रुळांवर उभं राहून सेल्फीही नको. छोट्या गाडीचे रूळ खेळण्यासारखे दिसतात, गाडी खरी असते.

कपडे मळतील का?

माथेरानच्या तांबड्या मातीने मळतील. बुटांत शिरते, मोज्यांवरून जात नाही, म्हणून पांढरं काही घालू नका. इंजिनाने मात्र मळणार नाहीत, त्याला रंगरंगोटी केलेली आहे. हात लावला तरी हात कोरडा आणि स्वच्छ परत येतो. बाबांच्या बनियनला मात्र कितीही धुतलं तरी पाठीवर काळपट छटा राहायची, आणि आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. नेरळला मुलांनी इंजिनाला हात लावून तळवे उलटसुलट बघितले की मी त्यांना त्या बादलीबद्दल सांगते.